तुरिनमधली गुरुवारची रात्र

इटलीतल्या तुरिनमध्ये आम्ही तीन दिवस होतो. पण मला सांगायचे आहे ते त्यांतल्या एकाच रात्रीबद्दल, १६ नोव्हेंबर २०२३च्या गुरुवारच्या रात्रीबद्दल. बाकीचे दिवस वाईट गेले असे मुळीच नाही. शहर देखणे आहे, माणसे अगत्याची आहेत, आणि तिथल्या रस्त्यांच्या कडेने सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या छतदार कमानी आहेत, त्यांच्याखालून पाऊस असला तरी सपाट फरशीवरून चालत राहता येते. बाबांचा गुडघा पाहता ही सोय मला फार मोलाची वाटली. तरीही परत आल्यापासून कोणी ‘कशी झाली सहल?’ असे विचारले की मला आठवते ती ती रात्र, आणि त्यानंतरचा ट्रामचा थांबा.

ताई मिलानला राहते. तिच्याकडे जायचे बरेच दिवस ठरत होते, आणि बाबांनी व मी ही वेळ मुद्दाम नोव्हेंबरात धरली, कारण टेनिसच्या हंगामाचा शेवट असलेली एटीपी फायनल्स त्याच महिन्यात तुरिनला होते. वर्षभराच्या गुणांवर पहिले आठ खेळाडू आणि दुहेरीच्या पहिल्या आठ जोड्या, साधारणपणे एवढ्यांनाच तिथे प्रवेश असतो. बाबा बँकेतून निवृत्त झाले त्याला आता बारा वर्षे झाली. त्यांच्याकडे एक लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. १९८५ पासून दर वर्षाच्या अखेरीस ते तीत पुरुष एकेरीचे पहिले दहा खेळाडू लिहितात: क्रमांक, नाव, देश, गुण. इंटरनेट नव्हते तेव्हा वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरून लिहीत. एखाद्या वर्षी पूर्ण यादी छापूनच आली नाही, तर ती जागा रिकामी ठेवून महिनोन्महिने शोधत राहत. संगणकावरची क्रमवारी ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात पहिला क्रमांक रुमेनियाच्या इली नस्तासेचा होता, हे आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. त्या वहीत शेरे नाहीत, आवडनिवड नाही. बाबा म्हणतात, क्रमवारी म्हणजे खातेवही, तिच्यात जमा-खर्चाखेरीज काही लिहायचे नसते.

तिकिटे मी उन्हाळ्यातच काढली होती. तेव्हा कोण पात्र ठरेल, कोणत्या दिवशी कोण कोणाशी खेळेल, यातले काहीही ठाऊक नव्हते. बुधवारचे एक सत्र आणि गुरुवारचे रात्रीचे सत्र एवढेच परवडले. त्यांना आमच्या घरात चार महिन्यांचे वाणसामान येईल इतके पैसे पडले, आणि हे बाबा इथेच पहिल्यांदा वाचतील.

बुधवारी मिलानहून वेगवान गाडीने तासाभरात पोर्ता सुसा स्थानकावर उतरलो आणि सामान टाकून थेट स्टेडियम गाठले. २००६च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या आइस हॉकीसाठी अराता इसोझाकी या जपानी वास्तुविशारदाने बांधलेली ही पोलादी, चौकोनी इमारत बाहेरून एखाद्या कारखान्यासारखी दिसते. आत मात्र सगळा अंधार आणि मधोमध प्रकाशात न्हालेले निळे कोर्ट. त्या दिवशी रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडन यांचा सामना हिजिकाता आणि कुबलर या ऑस्ट्रेलियन जोडीशी होता. सोमवारी राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून बोपण्णाची जोडी हरली होती. सप्टेंबरात अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यातही याच दोघांनी त्यांना हरवले होते. बाबांनी बोपण्णाला बालेवाडीत दोनदा विजेतेपद घेताना पाहिले आहे, २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. आता तो ४३ वर्षांचा होता. ६-४, ६-४ असा तो सामना त्यांनी जिंकला आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. आमच्यापासून चार रांगा पुढे एका मुलीने तिरंगा उंच धरला होता. मला वाईट वाटले ते एवढ्याचेच, की दुहेरी चालू असताना जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोक बाहेर खातपीत होते आणि एकेरीचा सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटे आधी आत आले. जगातल्या आठ उत्तम जोड्यांपैकी दोन जोड्या कोर्टावर असताना हे असे व्हावे, हे मला अजूनही पटत नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही शहर पाहिले. एका दुकानात हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली फारिनाता मिळाली, आणि बाबांनी पहिल्याच घासाला ‘अगं, हे तर आपलं धिरडं’ असे म्हणून दुसरा तुकडा मागवला. दुपारी पाय दुखायला लागल्यावर आम्ही एका छोट्या कॅफेत शिरलो, कारण तिथे भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर सर्बियाचा जोकोविच व पोलंडचा हुर्काच यांचा सामना सुरू होता.

इथे थोडे गणित सांगायला हवे, कारण त्या रात्रीचे सगळे मर्म त्यातच आहे. आठ खेळाडूंचे चार-चारचे दोन गट असतात, गटातला प्रत्येक जण उरलेल्या तिघांशी खेळतो आणि पहिले दोघे उपांत्य फेरीत जातात. इटलीच्या यानिक सिन्नरने आपल्या गटातल्या त्सित्सिपास आणि जोकोविच या दोघांनाही हरवले होते. मंगळवारी रात्री जोकोविचविरुद्धचा तो ७-५, ६-७, ७-६ असा तीन तासांहून अधिक चाललेला सामना आम्ही ताईच्या घरी पाहिला होता आणि शेजारच्या घरांतून ऐकू येणारा आरडाओरडाही ऐकला होता. जोकोविचने रविवारी डेन्मार्कच्या होल्गर रूनला हरवून वर्षअखेरचे पहिले स्थान आठव्यांदा पक्के केले होते, म्हणजे वहीतली पहिली ओळ ठरलेली होती. पण ही स्पर्धा जिंकायची तर आधी गटातून पुढे जायला हवे. त्सित्सिपासने पाठीच्या दुखण्यामुळे रूनविरुद्ध तीन गेमनंतरच सामना सोडला होता आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू म्हणून हुर्काच आला होता. तिघांचे दोन-दोन विजय झाले, तर जिंकलेल्या सेटच्या टक्केवारीवर निकाल लागतो.

बाबांनी कॅफेतला कागदी रुमाल सरळ केला आणि त्यावर सिन्नर, जोकोविच, रून अशी तीन नावे लिहिली. हुर्काचने दुसरा सेट ६-४ असा घेतला त्या क्षणी त्यांनी सिन्नरच्या नावापुढे एक टिंब दिले आणि म्हणाले, “हा आत गेला. आता रात्री हरला तरी आतच.” गल्ल्यावरच्या माणसालाही ते ठाऊक असावे, कारण त्याने टाळ्या वाजवल्या. जोकोविचने तिसरा सेट ६-१ असा घेऊन सामना जिंकला. बाबांनी पुन्हा मांडणी केली. रात्रीच्या सामन्यात सिन्नरविरुद्ध रून जिंकला, तर सिन्नरने एक सेट घेतलेला असो वा नसो, जोकोविचची टक्केवारी तिघांत सर्वांत कमी राहणार: ९ सेटपैकी ५. म्हणजे २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवलेल्या, सहा वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या माणसाला घरी पाठवायचे की नाही, हे आता सिन्नरच्या हातात होते, आणि त्यासाठी त्याने काही करायचे नव्हते. फक्त हरायचे होते. जिंकला तर त्याला साखळी विजयाचे २०० गुण आणि गटातले पहिले स्थान मिळणार होते, आणि त्याबरोबर अंतिम सामन्यात जोकोविचशी पुन्हा गाठ पडण्याची शक्यताही.

“तुम्हांला काय वाटतं, बाबा?” मी विचारले.

“कशाबद्दल?”

“तो जिवाच्या आकांतानं खेळेल?”

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. “हरायला कोण उतरतं कोर्टावर?” एवढे बोलून त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. मी गप्प बसले. मी का गप्प बसले, ते पुढे सांगते.

रात्री एकेरीचा सामना नऊला सुरू झाला. या वेळेबद्दल माझी खरोखर तक्रार आहे. तीन सेटचा सामना लांबला तर मध्यरात्र होते, दुसऱ्या दिवशी शाळा असलेली मुले पेंगत असतात, आणि माझ्या वडिलांसारख्या बहात्तर वर्षांच्या माणसाने थंडीत परत कसे जायचे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आमच्या उजव्या हाताला नारिंगी टोपी घातलेला सात-आठ वर्षांचा मुलगा होता, तो पहिला सेट संपायच्या आत वडिलांच्या दंडाला टेकून झोपला. सगळे स्टेडियमच नारिंगी होते. सिन्नर मॅचमध्येच गाजर खाताना एकदा दिसला, त्यावरून त्याचे काही चाहते गाजराचे पोशाख घालून येतात. आमच्या समोरच्या बाजूला ती मंडळी दर गेमनंतर उठून गात होती. डावीकडे एक वृद्ध जोडपे होते. त्या आजोबांनी मला बोटांवर हिशेब दाखवला, कोर्टाकडे बोट केले आणि हसून ‘जोकोविच अ काझा’ असे म्हणाले, म्हणजे जोकोविच घरी. त्यांच्या पत्नीने लगेच त्यांच्या हातावर चापट मारली आणि मान हलवली. त्या दोघांत जो वाद चालू होता, तोच माझ्या मनात चालू होता.

पहिला सेट सिन्नरने ६-२ असा घेतला. टीव्हीवर त्याच्या फोरहँडचा वेग दिसतो, पण आवाज येत नाही. बंद छताखाली तो आवाज फटाक्याच्या लडीतल्या एकेका फटाक्यासारखा सुटा ऐकू येतो, आणि चेंडू पलीकडे टप्पा घेऊन गेल्यावर तो आपल्यापर्यंत पोहोचतो असे वाटते. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या डोंगरी गावातला हा मुलगा लहानपणी उत्तम स्कीपटू होता आणि १३ व्या वर्षी टेनिससाठी घर सोडून समुद्रकाठच्या बोर्दिघेराला गेला. टणक कोर्टावरही तो ज्या तऱ्हेने दोन्ही पाय घसरवत कोपऱ्यातल्या चेंडूपर्यंत जातो, त्यात मला ती बर्फावरची सवय दिसत होती.

दुसरा सेट रूनने ७-५ असा घेतला, आणि तेव्हा स्टेडियममध्ये एक चमत्कारिक शांतता पसरली. कोणी काही बोलत नव्हते, पण सर्वांना एकच गोष्ट सुचली असावी. रूनविरुद्ध सिन्नर यापूर्वी दोनदा खेळला होता आणि दोन्ही वेळा हरला होता. मंगळवारचे तीन तास त्याच्या पायांत होते. शनिवारी उपांत्य सामना होता. तिसरा सेट त्याने सोडून दिला असता, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. दमला, एवढेच सगळे म्हणाले असते. म्हणूनच मी तिसरा सेट गुणफलकाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघून पाहिला. जो हात सोडून खेळतो त्याचे आधी पाय थांबतात, हे मला चांगले ठाऊक आहे. चेंडू रॅकेटवरून सुटल्यावर मध्याकडे परत येताना तो एक पाऊल कमी टाकतो. सिन्नरचे ते पाऊल एकदाही कमी पडले नाही. अगदी हाताबाहेर गेलेल्या चेंडूंवरसुद्धा तो शेवटपर्यंत धावत गेला आणि धावत परत आला. सेट त्याने ६-४ असा जिंकला. गाजरवाले नाचू लागले, शेजारच्या आजींनी पतीकडे वळून दोन्ही हात पसरले, आणि आजोबा उभे राहून इतरांपेक्षा अधिक जोराने टाळ्या वाजवू लागले. बाबा बसूनच होते. त्यांनी खिशातून तो रुमाल काढला, जोकोविचच्या नावापुढे दुसरे टिंब दिले आणि परत घडी घातली.

बाहेर पडलो तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. टॅक्सीची रांग संपता संपत नव्हती, म्हणून आम्ही कोर्सो सेबास्तोपोलीवरून चालत ट्रामच्या थांब्यावर गेलो आणि तिथे बराच वेळ ट्राम आलीच नाही. बाबा बाकावर बसले, मी त्यांच्या गळ्याभोवती माझी शाल गुंडाळली, आणि वीस वर्षे न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

मी चौदा वर्षांची असताना परगावी एका सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळले होते. तिथेही चार-चारचे गट होते. पहिले दोन सामने मी जिंकले होते, त्यांतला एक कोल्हापूरच्या एका मुलीविरुद्ध, तीन सेटमध्ये, कशीबशी. तिच्या फोरहँडची मला धास्ती बसली होती. तिसऱ्या सामन्याच्या आधी मी हिशेब केला. हिशेब करायला मी बाबांकडूनच शिकले होते. मी हरले तरी पुढे जाणार होते आणि कोल्हापूरची मुलगी सेटच्या मोजणीत बाहेर पडणार होती. मी हरले. दोन सेटमध्ये, माझ्यापेक्षा कमी ताकदीच्या मुलीकडून. पुढे मी ती स्पर्धा जिंकले, आणि तो चषक आजही आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, ताईच्या पदव्यांच्या शेजारी आहे. पाहुण्यांना तो दाखवला जातो तेव्हा मी दरवेळी काही तरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “माहीत आहे मला.”

“कसं?”

“तू बॅकहँड बाहेर मारत होतीस. लांब, सरळ बाहेर. तुझा बॅकहँड जाळ्यात जायचा, बाहेर कधी जात नसे.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

ते बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले. “वाटलं, तू सांगशील. घरी जाताना गाडीत सांगशील असं वाटलं. मग वाटलं, दहावी झाल्यावर सांगशील.” आणि थोड्या वेळाने, “त्या मुलीचं नाव आठवतं का तुला?”

“आठवतं.”

मी त्यांना नाव सांगितले. आडनावासकट. तेवढ्यात ट्राम आली.

शुक्रवारी आम्ही मिलानला परतलो. त्याच दिवशी बोपण्णा आणि एबडन यांनी कूलहोफ आणि स्कुपस्की यांना निर्णायक टायब्रेकमध्ये १०-४ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि शनिवारी ते हरले; दोन्ही सामने ताईच्या सोफ्यावर बसून पाहिले. शनिवारी सिन्नरने मेदवेदेवला तीन सेटमध्ये आणि जोकोविचने अल्काराझला ६-३, ६-२ असे हरवले. रविवारच्या अंतिम सामन्यात जोकोविचने सिन्नरला ६-३, ६-३ असे सहज नमवले आणि फेडररला मागे टाकून सातव्यांदा ही स्पर्धा जिंकली. गुरुवारी रात्री ज्याला बाहेर काढता आले असते, त्याच माणसाने आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर आपल्याला हरवावे, हे पाहताना ताईचा इटालियन शेजारी डोके धरून बसला होता. मला वाईट वाटले, पण गुरुवार वेगळा व्हायला हवा होता असे क्षणभरही वाटले नाही. पुढच्याच शनिवारी मालागाला डेव्हिस चषकाच्या उपांत्य लढतीत सिन्नरने त्याच जोकोविचविरुद्ध सलग तीन मॅच पॉइंट वाचवून सामना जिंकला आणि इटलीने १९७६ नंतर प्रथमच तो चषक घेतला. पण तोवर आम्ही पुण्यात पोहोचलो होतो.

सोमवारी, २० नोव्हेंबरला, आमचे परतीचे विमान होते. बाबांनी वही हातातल्या पिशवीत घेतली होती, कारण वर्षअखेरची क्रमवारी त्या दिवशी जाहीर होणार होती आणि ती घरी पोहोचेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. मालपेन्साच्या विमानतळावर मी फोनवरून नावे वाचली आणि त्यांनी मांडीवर वही ठेवून लिहिली. पहिला जोकोविच, ११,२४५ गुण. दुसरा अल्काराझ, ८,८५५. मेदवेदेव, सिन्नर, रुब्लेव, त्सित्सिपास, झ्वेरेव्ह, रून, हुर्काच, फ्रिट्झ. दहावे नाव लिहून झाल्यावर त्यांनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवून गुण पुन्हा तपासले, जसे ते नेहमी तपासतात. मग चौथ्या ओळीपाशी थांबले आणि समासात, अगदी बारीक अक्षरांत, लिहिले: गुरुवार, ६-२, ५-७, ६-४.

वही मिटून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “घरी गेल्यावर त्या कपाटातला चषक जरा खाली काढू या.”